सावकाश वाजवावी

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. गाण्याची तबकडी. तुमच्यापैकी बहुतेकांनी माझ्यासारखी कधी हातात धरलेली नसेल, तेव्हा आधी माझं रूपडं सांगते. मी काळी आहे, गोल आहे, लहानशा ताटाएवढी आहे. मधोमध मला एक भोक आहे आणि भोकाभोवती तांबडा कागद चिकटवलेला आहे. अंगावर एकच बारीक रेघ आहे, कडेपासून आतपर्यंत गोल गोल फिरत गेलेली. त्या रेघेत एक बाई गाते. एवढंच माझं भांडवल.

माझी हकिगत काही आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवते. मागाहून मला बोल लावू नका.

लाख, दगडाची भुकटी आणि काजळी एकत्र तापवून, वरून लोखंडी साच्याचा दाब देऊन कारखान्यात मला घडवलं. पण माझं गाणं त्याच्याही आधीचं. ते जिथे भरून घेतलं ती खोली लोखंडी सामानाच्या दुकानावर होती. गाणी भरणाऱ्या कंपनीने ती आठ दिवसांसाठी भाड्याने घेतली होती. बाहेरचा गलका आत येऊ नये म्हणून भिंतींवर जाडजूड घोंगड्या टांगल्या होत्या. आत इतकं उकडत होतं की यंत्रवाल्याच्या कानामागची पेन्सिलसुद्धा घामाने निसटायची. यंत्रवाला म्हणजे गाणी भरणारा माणूस. कामात चोख, पण तोंडाने फटकळ.

गाणारी बाई शिंपीण होती. गाणं शिकायला ती कुणाकडे गेलेली नव्हती. कंपनीचा एक माणूस कोटाचं अस्तर शिवून घ्यायला तिच्याकडे गेला, तर ही आपली मशीन चालवता चालवता गात होती. त्याने तिला बोलावलं. ती आली ती पाच वर्षांच्या मुलीचा हात धरूनच, कारण मुलीला ठेवायचं कुणापाशी?

मुलीला बघून यंत्रवाला उखडला. "बाई, ही शिंकली ना, तर सगळं मुसळ केरात जाईल!"

"नाही शिंकायची," बाई म्हणाली. "ती माझं ऐकते."

मुलगी टेबलाखाली जाऊन बसली आणि तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. गाणं संपेपर्यंत तिने हात काढले नाहीत. मित्रांनो, तिचं नाक खाजत होतं हो! पण आईने सांगितलं होतं ना.

गाणं बाईने स्वतः रचलेलं होतं. मुलगी दिवसभर मागे भुणभुण करायची, आणि तिला गप्प करण्यासाठी ही म्हणायची, "थांब जरा, दोरा ओवू दे, मग सगळी मी तुझी." त्यावरच चार कडवी रचली होती. ती चार कडवी काही तबकडीत मावेनात. यंत्रवाला म्हणाला, एक कडवं काप.

"कापायला ते कापड आहे का?" बाई म्हणाली. "कापाकापी मी दिवसभर करते. हे नाही कापायची."

यंत्रवाल्याने हात टेकले. मग त्याने एक युक्ती केली. तबकड्या एरवी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेतात. त्याने यंत्राचा वेग कमी करून अडुसष्टवर आणला. यंत्र सावकाश फिरलं की तेवढ्याच जागेत जास्त गाणं बसतं. मात्र वाजवतानाही ते तितक्याच सावकाश वाजवावं लागतं, नाहीतर गाणाऱ्याचा आवाज वर चढतो, बारीक होतो आणि माणूसच बदलून जातं. म्हणून माझ्या तांबड्या कागदावर अगदी खाली, बारीक अक्षरात, त्याने आवर्जून छापून घेतलं : 'सावकाश वाजवावी. फेरे अडुसष्ट.'

बाईचं नाव मात्र छापलं गेलं नाही. तिचे दीर आडवे आले. घरच्या बाईचं नाव दुकानादुकानातून फिरणार म्हणजे काय! मग 'गायिका : एक गृहिणी' असं छापलं. बाई म्हणाली, "नको तर नको. मी म्हटलंय हे मला ठाऊक आहे, आणि माझ्या पोरीला ठाऊक आहे."

दोन वर्षांनी ती तापाने गेली. मुलगी सात वर्षांची होती. कंपनीने दिलेली एक तबकडी त्यांच्या घरी होती खरी, पण ती वाजवायला यंत्र कुठे होतं? मुलीला मावशीकडे नेताना बिऱ्हाड हललं, त्या धांदलीत ती तबकडी फुटली. आईचा फोटोही कुणी काढलेला नव्हता. मुलीपाशी उरला तो फक्त आवाज, तोही कानातला. जाडाभरडा, खालच्या पट्टीतला, जरा खरखरीत. ओठांत टाचण्या धरून हाक मारायची ना आई, तो आवाज.

हे सगळं मला नंतर कळलं. तोवर मी कुठल्या कुठे गेले होते.

मला विकत घेतलं एका केस कापणाऱ्याने. त्याच्या दुकानात किल्लीचं यंत्र होतं. हा माणूस भारी हौशी. माझ्यावरची बारीक अक्षरं त्याने भिंगातून वाचली आणि यंत्राचा स्क्रू फिरवून, सेकंद मोजून, बरोबर अडुसष्ट फेरे लावले. नव्या गिऱ्हाइकाला तो ऐकवायचा, "ही तबकडी वेगळी आहे बरं का साहेब. या बाईंना घाई चालत नाही." मग मी गायचे. गालाला साबण लावलेली माणसं डोळे मिटून ऐकायची. एकदा एक दांडगा हमाल खुर्चीत बसल्या बसल्या रडायला लागला आणि कात्री बाजूला ठेवून दुकानदार तिसऱ्या कडव्यापर्यंत थांबला. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. तेव्हा वाटायचं, हे असंच चालणार.

पुढे दुकानात रेडिओ आला. यंत्राची किल्ली गंजली. दुकानदार गेला, आणि त्याच्या मुलाच्या स्वयंपाकघरात माझी नेमणूक झाली पिठाच्या डब्यावर. झाकण म्हणून! डब्याचं मूळ झाकण हरवलं होतं आणि मी तोंडावर बरोबर बसत होते. अकरा वर्षं मी उंदरांपासून पीठ राखलं. माझ्या रेघेत पीठ भरलं, कडेचा एक टवका उडाला. रोज मला उचलायचे आणि ओट्यावर आदळायचे. आत कुणी गातंय हे त्या घरात कुणाला माहीतच नव्हतं. नंतर नवा डबा आला आणि मी भंगारात गेले.

भंगारातून मला उचललं ते तबकडीकाकांनी. शहरातल्या एका ग्रंथालयाच्या तळघरात जुन्या गाण्यांचा संग्रह आहे. त्याची देखभाल काका एकटे करतात. सतरा हजार तबकड्या आणि काका एक. मऊ ब्रश आणि बेताचं पाणी घेऊन त्यांनी माझ्या रेघेतलं पीठ काढलं, पुसून मला नव्या कागदी पाकिटात घातलं. असा हात माझ्या अंगाला कित्येक वर्षांत लागला नव्हता. म्हणून काकांना वाईट म्हणताना जीभ अडखळते. पण घडलं ते सांगायला हवं.

काका मुलखाचे शिस्तीचे. प्रत्येक तबकडीवर क्रमांकाची चिठ्ठी लागली पाहिजे, आणि ती सगळ्यांना एकाच जागी लागली पाहिजे : मधल्या कागदावर, खालच्या बाजूला, अगदी मधोमध. म्हणजे खण ओढला की सगळे क्रमांक एका ओळीत. दिवसाला साठ-साठ चिठ्ठ्या ते पट्टी लावून चिकटवत. माझी पाळी आली. त्यांनी चष्मा सारखा केला, चिठ्ठीला डिंक लावला आणि ती नेमकी त्या बारीक अक्षरांवर दाबून बसवली. छान सरळ बसली म्हणून त्यांनी अंगठ्याने वरून थोपटलंसुद्धा.

मी ओरडले असते. पण तबकडीला स्वतःचा आवाज नसतो. आत जे भरलंय तेच आम्ही बोलतो.

मग एक दिवस सगळ्या तबकड्यांची गाणी संगणकात उतरवायचं काम निघालं. यंत्र लावलं अठ्ठ्याहत्तरवर, आणि आम्ही एकामागून एक त्याच्यावर चढलो. सगळ्यांना एकच वेग. सुई माझ्या अंगावरून धावत सुटली. भोंग्यातून कुणी सतरा-अठरा वर्षांची मुलगी गायला लागली. गोड होती. चपळ होती. पण ती माझी बाई नव्हती.

"वा, काय गोड गळा आहे!" काका म्हणाले आणि त्यांनी नोंद केली : 'हक्क संपलेले. वापरास खुले.'

याचा अर्थ सांगते. गाणं भरलं की काही वर्षं त्याच्यावर मालकाचा हक्क असतो. ती वर्षं उलटली की ते सगळ्यांचं होतं. कुणीही ते घ्यावं, ऐकावं, त्यातून नवं काही करावं. नियम चांगला आहे. नाहीतर आमच्यासारख्या खणातच मरतील. मला तो नियम आवडतो, अजूनही.

तो नियम वाचूनच कानवाली आली. तिच्या कानांवर सदा मोठाले हेडफोन असत, म्हणून काकांनी तिला ठेवलेलं हे नाव. जुन्या, हक्क संपलेल्या तबकड्यांमधले आवाज घेऊन ती नवं संगीत करायची. एका तबकडीतून व्हायोलिनचे चार सूर, दुसरीतून ढोलाची थाप, तिसरीतून कुणाचं तरी हसणं. सगळं कापायचं, जुळवायचं, वरून आपलं काही घालायचं. उचलेगिरी म्हणाल, तर तसं नाही हो. एकेका सुरापाशी ती तासन्‌तास बसायची. मला ऐकलं आणि हेडफोन काढून ती काकांकडे धावत आली.

"काका, ही कोण?"

"कुणास ठाऊक. 'एक गृहिणी', एवढंच लिहिलंय. हक्क संपलेत. तू बिनधास्त वापर."

"हो, पण तिच्या घरच्यांना वगैरे विचारायला नको?"

"विचारणार कुणाला बाळा? ऐंशी वर्षं होत आली. आता कोण असणार?"

मित्रांनो, त्याच वेळी त्या ग्रंथालयापासून बसने तासाभराच्या अंतरावर टेबलाखालची ती मुलगी राहत होती. आता ती त्र्याऐंशी वर्षांची आजी झाली होती.

कानवालीने काय केलं सांगते. तिने आवाजावरची खरखर पुसली. चार कडव्यांतले दोनच शब्द घेतले, 'थांब जरा'. ते पुन्हा पुन्हा फिरवले. खाली दणदणीत ताल टाकला, मधे व्हायोलिन सोडलं, आणि अगदी शेवटी एक ओळ सबंध येऊ दिली : 'थांब जरा, दोरा ओवू दे, मग सगळी मी तुझी.' तयार झाल्यावर ती ते ऐकवायला तळघरात आली. काकांनी पायाने ताल धरला. आणि खरं सांगू का? मीही हुरळले. पिठाच्या डब्यावरून उठून मी पुन्हा गात होते. आवाज चुकीचा आहे हे मला एकटीला माहीत होतं, तरी मनात म्हटलं, असू दे. कुणी ऐकतंय ना? ही माझी चूक मी लपवत नाही.

ते गाणं असं काही गाजलं की विचारू नका. दुकानात, रिक्षात, व्यायामशाळेत, फोनच्या घंटीत, जिकडे तिकडे 'थांब जरा'. लहान मुलं त्यावर नाचायला लागली. कानवालीचं नाव झालं. तिने प्रामाणिकपणे खाली माझा क्रमांक दिला होता. तो क्रमांक वाचून एके दिवशी दुपारी दोघी जणी तळघराच्या पायऱ्या उतरल्या. आजी आणि तिची सून. कानवाली त्या दिवशी तिथेच होती, खणात काहीतरी शोधत होती.

"उतरा सावकाश," सून म्हणत होती. "पडलात तर मला दोन खटले निस्तरावे लागतील, तुमचा आणि तुमच्या लेकाचा." मग काकांकडे वळून म्हणाली, "नमस्कार. तुमच्या त्या गाण्याने आमच्या आजींनी घर डोक्यावर घेतलंय. आठ महिने माझ्या मागे लागल्यात. आधी माझा पाय प्लॅस्टरमध्ये, मग यांचा मोतीबिंदू. आज म्हटलं, काय तो सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे."

आजी खुर्चीवर टेकली. दम घेतला. म्हणाली, "ते गाणं माझ्या आईचं आहे."

कानवाली हातातली पाकिटं तशीच धरून उभी राहिली.

आजीने सगळं सांगितलं. घोंगड्या, टेबल, नाकाची खाज, फुटलेली तबकडी. दवाखान्यात नंबर लावून बसली असताना कुणाच्या तरी फोनवर ते शब्द कानावर आले, आणि ती उठून उभीच राहिली. "ते शब्द दुसऱ्या कुणाचे असूच शकत नाहीत. आईने माझ्यासाठी जोडले होते. पण बाई गं, आवाज आईचा नाही. हिचा आवाज पोरीचा आहे. आईचा जाड होता. शब्द आईचे, चाल आईची, आणि गातंय दुसरंच कुणीतरी. मला एकदा आईचा आवाज ऐकायचाय. मरायच्या आधी एकदा. बाकी मला काही नको. तुमच्या त्या हक्काबिक्काशी मला काही करायचं नाही."

"आणि आवडत नाही म्हणतात, तरी दिवसातून वीसदा तेच लावून बसतात," सून म्हणाली.

"मग काय करू? दुसरं होतं काय माझ्यापाशी?" आजी म्हणाली. "निदान शब्द तरी तिचे."

काकांना ते जरा लागलं. "आमच्या यंत्रात चूक नाही हो आजी. मी स्वतः लावलंय. काय होतं, इतक्या वर्षांनी माणसाची आठवण..."

"आठवणीचं मला सांगू नका. ही बाई घाईत गातेय. आई कधी घाईत गायची नाही."

"घाईत?" कानवालीने विचारलं. तिने पाकिटं खाली ठेवली, मला खणातून काढलं आणि दिव्याखाली धरून निरखत राहिली. तिचं बोट माझ्या तांबड्या कागदावर थांबलं. "काका, या चिठ्ठीच्या खालून कसली तरी अक्षराची शेपटी दिसतेय."

काकांनी ओला कापूस आणला. चिठ्ठीच्या कडा भिजवल्या. हळूहळू, कागद फाटू न देता, त्यांनी ती सोडवली. वाचलं. पुन्हा वाचलं. मग ते माझ्यासमोर स्टुलावर बसले.

"ही चिठ्ठी मीच लावली," ते म्हणाले. "पट्टी धरून लावली."

कानवालीचा चेहरा उतरला होता. "म्हणजे मी आख्ख्या जगाला... काका, मी भलत्याच कुणाला तरी गायला लावलं."

"आता बोलत बसू नका," सून म्हणाली. "लावा ते बरोबर करून. आजी, ऐकताय ना? सापडली तुमची आई."

काकांनी यंत्र अडुसष्टवर आणलं. सुई अलगद टेकवली. आणि मित्रांनो, कित्येक वर्षांनी माझी बाई आली. तिचा तो जाड, खालचा, खरखरीत आवाज त्या तळघरात भरला. ती सावकाश गात होती. एकेक शब्द नीट टाका घालावा तसा. मी जीव ओतून वाजले. टवका उडालेल्या जागीसुद्धा सुई अडू दिली नाही. मला वाटलं, याच क्षणासाठी मी उंदीर सोसले, आदळआपट सोसली. आता आजी रडेल, आता हाक मारेल.

आजी मान कलती करून ऐकत होती. चारही कडवी तिने ऐकली. सुई आतल्या कडेला जाऊन खरखरत राहिली, ती काकांनी उचलली.

"छान आहे हो," आजी म्हणाली. "पण ही आई नाही."

"अहो आजी!" सून म्हणाली. "जाड आवाज, जाड आवाज म्हणून तुम्हीच ना घोकत होतात? हा जाडच आहे की!"

"हो गं. जाड आहे."

"घाईत नाही गात."

"नाही गात."

"मग?"

आजीने डोळे मिटले. खूप वेळ मिटून ठेवले. उघडले तेव्हा तिला कळून चुकलं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. "डोळे मिटून आईला आठवायला जाते, तर तीच पोरगी गाते," ती म्हणाली. "थांब जरा, थांब जरा. खाली ते ढोल वाजतात. आई येतच नाही. आठ महिन्यांपूर्वी यायची. दवाखान्यात यायची, म्हणून तर मला कळलं की आवाज चुकलाय. आता तुम्ही म्हणता ही आई, तर असेलच. तुम्ही का खोटं सांगाल? डोक्याला पटतंय. कानाला नाही पटत."

सून तिच्या खुर्चीपाशी सरकली.

"पंचाहत्तर वर्षं मी तेवढं जपलं होतं गं," आजी सुनेला म्हणाली. "सासरी जपलं, आजारपणात जपलं. आणि दिवसातून वीस वीस वेळा ऐकून मीच त्यावर बोळा फिरवला." ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. सुनेने तिचा हात धरला आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

काकांनी मला पुन्हा वाजवलं. सत्तरवर, सहासष्टवर, पुन्हा अडुसष्टवर. दर वेळी आजी ऐकायची आणि मान हलवायची. मी तीच होते. बाई तीच होती. तिने पंचाहत्तर वर्षं ज्या मुलीची वाट पाहिली ती हातभर अंतरावर बसली होती, आणि ओळख देत नव्हती. मित्रांनो, फुटून जावं असं मला तेव्हा वाटलं.

पुढे कानवालीने खऱ्या आवाजात गाणं पुन्हा केलं. ढोल काढून टाकले, चारही कडवी ठेवली, आणि खाली आजीकडून विचारून घेऊन बाईचं नाव दिलं. आजी म्हणाली होती, "घाल हो नाव. आता अडवायला दीर नाहीत." पण ते कुणी ऐकलं नाही. लोकांनी लिहिलं, 'पहिलंच बरं होतं', 'आवाज जरा बायकी वाटत नाही', 'झोप येते'. पहिलं गाणं तिने आपल्या जागेवरून काढलं, पण तोवर ते हजार जागी पसरलं होतं. अजूनही कुठेतरी वाजतंच आहे. कानवाली हल्ली तळघरात कमी येते. आली तर आधी तबकडीवरचं एकूण एक अक्षर वाचते, मगच हेडफोन चढवते. काकांनी सतरा हजार चिठ्ठ्या काढून पाकिटांवर लावायला घेतल्यात. त्यांच्या हयातीत ते काम पुरं व्हायचं नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

आजी मात्र दर बुधवारी येते. काकांनी माझ्यावरून अडुसष्ट फेऱ्यांची प्रत करून दिली आहे, ती घरी ऐकता येते. पण तिला मीच लागते. सून तिला पायऱ्यांवरून उतरवते आणि बाहेर बाकावर भाजी निवडत बसते. काका मला लावतात. मी गाते. आजीला वाटतं, ऐकता ऐकता एखाद्या बुधवारी ओळख पटेल. मलाही तसंच वाटतं. अजून पटलेली नाही.

गेल्या बुधवारी गाणं संपल्यावर ती लगेच उठली नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग पाहुण्या बाईशी बोलावं तशी अदबीने म्हणाली, "बाई, फार छान गाता हो तुम्ही. माझी आईसुद्धा गायची." आणि पदर सावरून, मला नमस्कार करून, सुनेला हाक मारत ती पायऱ्यांकडे गेली.

मित्रांनो, मी तुमच्याशी रागाने बोलत नाही. आम्हाला घ्या. आमच्यातून नवं काही करा, नाचा, आम्हाला खणात कुजू देऊ नका. फक्त आधी आम्हाला उजेडात धरून नीट बघा, आणि आमच्या माणसांपैकी कुणी आहे का ते विचारा. कुणी नसेल असं धरून चालू नका. आणि तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस सांगत असेल की हे असं नव्हतं, तर पाय बरा होईपर्यंत, मोतीबिंदू निघेपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी त्यांना घेऊन निघा.